आरपीएमचे जोक आणि इंजिनाचं गणित: कट्ट्यावरच्या कोणत्या गप्पा खऱ्या?

"बुलेट विजेच्या एका खांबाला एक ठोका मारते." गाड्यांचा नाद असलेली चार पोरं जमली की हा जोक कधी ना कधी येतोच. जोडीला बाकीचेही असतात. स्टिकर लावला की ५ एचपी वाढतात, लाल गाडी जास्त पळते, आणि गॅरेजमध्ये नवीन लागलेल्या पोराला 'इंडिकेटरचं ऑइल' आणायला दुकानात पाठवायचं. मी मूळचा सटाण्याचा. इंजिनिअरिंग करून आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण गावी आलो की पाय गॅरेजकडेच वळतात. कांद्याच्या हंगामात तिथे ट्रॅक्टर, पिकअप, बुलेट, जपून ठेवलेली एखादी आरएक्स १०० आणि डिझेल स्विफ्ट अशी सगळी इंजिनं एका रांगेत उभी असतात. त्यामुळे गप्पांना विषय कमी पडत नाही.

अडचण अशी की याच बाकड्यावर, याच सुरात, काही अशा गोष्टीही सांगितल्या जातात ज्या जोक नसतात. "घाट उतरताना न्यूट्रल टाक, तेल वाचतं." "लिमिटर आहे ना, कितीही रेस दे, इंजिनाला काही होत नाही." "बंद करायच्या आधी एक रेस द्यायची, इंजिन मोकळं होतं." ऐकणारा पोरगा १८-१९ वर्षांचा असतो. इंडिकेटरच्या ऑइलवर तो हसतो आणि न्यूट्रलचा सल्ला घेऊन सेलबारी घाटाकडे निघतो. कोणतं हसण्यावारी न्यायचं आणि कोणतं नाही, हे ओळखायला आरपीएम म्हणजे नेमकं काय ते कळायला हवं. म्हणून हा लेख.

खांबाचं गणित

आरपीएम म्हणजे इंजिनाचा क्रँक मिनिटाला किती फेऱ्या मारतो तो आकडा. टॅकोमीटरवर ३ च्या पुढे काटा असेल आणि खाली 'गुणिले १०००' लिहिलं असेल, तर मिनिटाला ३००० फेऱ्या. गाडीचा वेग वेगळा, इंजिनाचा वेग वेगळा. दोघांच्या मध्ये गिअर असतो.

आजच्या बहुतेक बाइक आणि सगळ्या पेट्रोल-डिझेल कार फोर स्ट्रोक असतात. हवा आत घेणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर टाकणं, ही चार कामं व्हायला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदाच धमाका होतो.

आता खांबाचा जोक घ्या. समजा बुलेट ताशी ६० किमीने चालली आहे आणि इंजिन ३००० वर आहे. मिनिटाला १५०० धमाके, म्हणजे सेकंदाला २५. त्या एका सेकंदात गाडी जाते साधारण पावणेसतरा मीटर. भागाकार केला तर दर ६७ सेंटिमीटरला एक ठोका पडतो. दोन खांबांमध्ये ५० मीटर अंतर धरलं, तर एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ७५ ठोके. जोक ७५ पटीने चुकलाय, पण तो सुचला कुठून हे कळतं. उभ्या असलेल्या बुलेटचं इंजिन १००० च्या आसपास फिरतं, तेव्हा सेकंदाला ८ च्या जरा वर ठोके पडतात. माणसाचा कान सेकंदाला साधारण २० पर्यंतचे ठोके सुटे सुटे ऐकतो, त्यापुढे ते मिसळून एकसलग आवाज होतो. एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोकला ही हद्द येते २४०० आरपीएमला. बुलेटची 'डग डग' ऐकायची तर गाडी हळू चालवावी लागते, ती याच कारणाने.

आरएक्स १०० चं उलट. ती टू स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेरीला धमाका. ती ४००० वर असते तेव्हा सेकंदाला ६७ धमाके होतात. तेवढेच धमाके करायला फोर स्ट्रोक बाइकला ८००० वर जावं लागतं. "आरएक्स दहा-बारा हजाराच्या खाली बोलतच नाही," असं छातीठोक सांगणारे भेटतात. ती बोलते निम्म्यावर, आपल्या कानाला दुप्पट वाटतं. तिची ११ एचपीची पूर्ण ताकद ७५०० ला मिळायची. १०० सीसीच्या स्प्लेंडरला साधारण ८ एचपीसाठी ८००० लागतात. म्हणजे आरएक्स खरंच चपळ होती, फक्त त्याचं कारण फेऱ्यांचा आकडा नव्हता. दर फेरीला एक धमाका, हे होतं. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्याबद्दलच्या बढाया अजून थांबलेल्या नाहीत.

कोणाचा पिस्टन जास्त धावतो?

"बुलेटचं इंजिन आरामात असतं, स्प्लेंडरचं बिचारं नुसतं पळत असतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदा वहीत गणितच मांडलं. इंजिनाची झीज आणि ताण समजायला फक्त फेऱ्या मोजून भागत नाही. पिस्टन एका फेरीत किती अंतर कापतो तेही बघावं लागतं. पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणून स्ट्रोकच्या दुप्पट अंतर. त्याला फेऱ्यांनी गुणलं आणि ६० ने भागलं की पिस्टनचा सरासरी वेग मिळतो.

स्प्लेंडरचा स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर आहे. ८००० आरपीएमला तिचा पिस्टन सेकंदाला १३.२ मीटर धावतो. आताच्या क्लासिक ३५० चा स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर. तिची पूर्ण ताकद ६१०० ला मिळते आणि तिथे तिचा पिस्टन सेकंदाला सुमारे १७.४ मीटर धावतो. म्हणजे दोघी आपापल्या पूर्ण ताकदीला असताना 'आरामात' असलेल्या बुलेटचा पिस्टन 'बिचाऱ्या' स्प्लेंडरपेक्षा जोरात पळत असतो.

आता शेतात चला. महिंद्रा ५७५ डीआय ट्रॅक्टर, ४५ एचपी, १९०० आरपीएमवर. स्ट्रोक ११० मिलिमीटर. पिस्टनचा वेग सेकंदाला ७ मीटर. त्याच्याही खालचा आरपीएम बघायचा असेल तर समुद्रावर जावं लागेल. २००६ साली आलेल्या एमा मर्स्क या कंटेनर जहाजात १४ सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं. ताकद एक लाख आठ हजार एचपीच्या वर आणि आरपीएम फक्त १०२. ऐकायला एकदम झोपाळू. पण त्याचा स्ट्रोक अडीच मीटरचा आहे, माझ्यापेक्षा उंच! त्यामुळे त्याचा पिस्टन सेकंदाला साडेआठ मीटर धावतो. ट्रॅक्टरच्या पिस्टनला तो सहज मागे टाकतो.

दुसऱ्या टोकाला फॉर्म्युला वन. २००६ मध्ये २.४ लिटरच्या व्ही ८ इंजिनांनी २०,००० आरपीएम गाठले. मग नियमाने आधी १९,००० आणि २००९ पासून १८,००० ची मर्यादा घातली. हे शक्य व्हायला स्ट्रोक किती ठेवला होता? साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा कमी. तरी पिस्टनचा वेग सेकंदाला २४ मीटरच्या आसपास जायचा. फेऱ्यांमध्ये जहाज आणि फॉर्म्युला वन यांत १७५ पटींहून जास्त फरक, पिस्टनच्या वेगात तिपटीपेक्षाही कमी. कट्ट्यावर कोणी नुसता आरपीएम सांगून इंजिनाची लायकी ठरवायला लागला, की मी हे दोन आकडे पुढे करतो.

मोबाइलवाल्यांना हे लवकर पटायला हवं. प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ असेच असतात. एका चिपवर ३ लिहिलंय आणि दुसरीवर २.४, म्हणून पहिली वेगवान ठरत नाही. एका ठोक्यात चिप किती काम उरकते, त्यावर सगळं अवलंबून असतं. इंजिनात त्या 'एका ठोक्यातल्या कामा'चं नाव टॉर्क. टॉर्क गुणिले आरपीएम म्हणजे ताकद.

मग ट्रॅक्टरच का ओढतो?

इथे कट्ट्यावरचा पुढचा पंडित उठतो. "भाऊ, ट्रॅक्टरमध्ये टॉर्क असतो. म्हणून तो कांद्याची ट्रॉली ओढतो." बघूया. ४५ एचपी १९०० ला, म्हणजे गणिताने साधारण १७० न्यूटन मीटर टॉर्क. आता शेजारी उभी असलेली जुनी डिझेल स्विफ्ट. तिचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर देतं आणि ताकद ७५ एचपी. दोन्ही आकड्यांत स्विफ्ट पुढे!

तरी स्विफ्टला ट्रॉली बांधायला कोणी जात नाही, आणि ते बरोबरच आहे. ट्रॅक्टरच्या पोटात गिअरांची इतकी मोठी उतरंड असते की इंजिनाच्या पुष्कळ फेऱ्यांनंतर मागचं मोठं चाक एकदा फिरतं. तेवढ्याच पटीने चाकाजवळचा टॉर्क वाढतो. शिवाय अंगाचं वजन दीड-दोन टन, टायरची पकड तशी, आणि इंजिन दिवसभर पूर्ण भाराखाली चालेल अशा हिशोबाने बांधलेलं. स्विफ्टचं इंजिन पूर्ण ताकद देतं ते ओव्हरटेक करताना काही सेकंद.

या मल्टिजेटची गंमत वेगळीच. मूळ फियाटचं हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावला आणि मारुतीसाठी हरियाणात मानेसरला बनायचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, झेस्ट, सगळ्यांत हेच. गाडीवेड्यांनी त्याचं नावच ठेवलं होतं, 'भारताचं राष्ट्रीय इंजिन'. २०२० मध्ये बीएस ६ नियम आले आणि ते बंद झालं. "२००० च्या खाली ते झोपलेलं असतं" हा त्याच्यावरचा जोक, आणि तो बऱ्यापैकी खरा आहे. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. कमी आरपीएमला धूर कमी, टर्बो मंद, सिलिंडरमध्ये हवा कमी. १८००-२००० ला हवा भरली की गाडी अचानक ढकलल्यासारखी निघते. तेवढ्या जोरात असताना टर्बोचा पंखा स्वतः मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेत असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वरातीतला लिमिटर

आता जोक संपतात तिथे येऊ. वरात, विसर्जन, कोणाचा तरी वाढदिवस. बाइक स्टँडवर, न्यूट्रल, रेस पूर्ण पिळलेली आणि सायलेन्सरमधून 'तड तड तड'. तो आवाज लिमिटरचा. इंजिन ठरलेल्या मर्यादेला पोचलं की कंट्रोल युनिट स्पार्क किंवा इंधन क्षणभर तोडतं, फेऱ्या उतरल्या की परत देतं. सेकंदात अनेकदा.

लिमिटर आहे म्हणून इंजिन सुरक्षित, हे अर्धसत्य आहे. तो फेऱ्या थांबवतो, उष्णता थांबवत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बाइक हवेवर थंड होतात, आणि हवा कधी लागते? गाडी चालली तर. उभ्या गाडीत मिनिट-दोन मिनिटं लिमिटरवर ठेवलं की हेड तापतं, ऑइल पातळ होतं, पिस्टन फुगून सिलिंडरला घासायला लागतो. फिटर ज्याला 'पिस्टन पकडला' म्हणतात तो प्रकार इथून सुरू होतो. बोअर करायचा खर्च ज्याची गाडी असते त्याच्या बापाला विचारा. चालू गाडीत चावी बंद-चालू करून फटाके फोडणारेही असतात. तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. बीएस ६ गाडीत तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो महागडा भाग वितळायला हे फटाके पुरेसे असतात. पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, तो खर्च वेगळा.

दुसरं म्हणजे, लिमिटर फक्त रेस देऊन वाढवलेल्या फेऱ्या रोखू शकतो. चाकं जबरदस्तीने इंजिन फिरवत असतील तर तो हतबल असतो. हायवेवर पाचव्या गिअरला ३००० वर चालला आहात. चौथ्यात टाकायला गेलात आणि घाईत दुसरा पडला. बऱ्याच छोट्या कारमध्ये त्याच वेगाला दुसऱ्या गिअरचा हिशोब ७५०० च्या पुढे जातो. डिझेल इंजिनाची लाल रेघ ५००० च्या आसपास असते. क्लच सोडला की चाकंच इंजिनाला तिकडे ओढून नेतात, इंधन तोडून काही उपयोग नाही. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा झटका फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे फेऱ्या दुप्पट तर झटका चौपट. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेवर बंद करता येत नाही आणि पिस्टन वर येऊन त्याला धडकतो. इंजिन एका सेकंदात भंगार.

लाल रेघ अस्पृश्य आहे असंही नाही. गरम झालेलं इंजिन चालत्या गाडीत अधूनमधून लाल रेघेजवळ गेलं तर काही बिघडत नाही, कंपनीने ते धरूनच बनवलेलं असतं. सकाळी थंड इंजिनाला, ऑइल जाड असताना तिथे नेणं वाईट.

कमी आरपीएम म्हणजे आराम नव्हे

एव्हरेजच्या नादात उलटी चूक होते. ताशी ३० चा वेग, पाचवा गिअर, चढ, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. काटा १२०० वर. मालक खूश, 'इंजिन आरामात आहे'. इंजिन आरामात नसतं, ते ओझं उचलत असतं. कमी फेऱ्या आणि पूर्ण भार, म्हणजे प्रत्येक धमाक्याचा दाब जास्त आणि बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ. पेट्रोल इंजिनात ठणठण असा आवाज यायला लागतो. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत तर अशा वेळी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि त्याने पिस्टन फुटल्याची उदाहरणं आहेत. हा प्रकार इतका वाढला की २०१८ मध्ये इंजिन ऑइलचा एपीआय एसएन प्लस हा नवा दर्जा मुख्यतः त्यासाठीच काढला. गिअर खाली टाका, फेऱ्या वाढू द्या. आवाज वाढला म्हणजे त्रास वाढला असं नसतं.

घाट आणि न्यूट्रल

ताहाराबादकडून पिंपळनेरला जाताना सेलबारी घाट लागतो. तिकडे नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट. या दोन्ही उतारांवर न्यूट्रल टाकून, कधी इंजिनही बंद करून, 'फुकटात' उतरणारे मी लहानपणापासून बघतोय.

कार्बोरेटरच्या जमान्यात या सल्ल्यात थोडं तथ्य होतं. रेस सोडून गिअरमध्ये उतरलं तरी वेगाने फिरणारं इंजिन कार्बोरेटरमधून थोडंफार पेट्रोल ओढत राहायचं. न्यूट्रलमध्ये फेऱ्या कमी, ओढही कमी. पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे उलटं होतं. गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की कंट्रोल युनिट इंजेक्टर पूर्ण बंद करतं. चाकं इंजिनाला फिरवत असतात, इंधन शून्य. फेऱ्या साधारण १२००-१५०० च्या खाली आल्या की ते परत इंधन द्यायला लागतं. न्यूट्रल टाकलात तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे इंधन जळतंच. २०२० च्या बीएस ६ नंतर आपल्याकडच्या जवळपास सगळ्या नव्या बाइकही इंजेक्शनवर आल्या, स्प्लेंडरसुद्धा. तेव्हा आजच्या गाडीत न्यूट्रलने तेल वाचत नाही, जास्त जातं.

तेलाचं सोडा. गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक सतत दाबलेला राहिला की तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. कारचं इंजिन बंद केलं असेल तर आणखी वाईट. ब्रेकचा बूस्टर इंजिन चालू असण्यावर अवलंबून असतो. बंद इंजिनात दोन-तीनदा पेडल दाबलं की साठलेली मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. वळणावर चावी चुकून आणखी मागे फिरून निघाली तर स्टिअरिंग लॉक. सेलबारीच्या वळणावर यातली एकसुद्धा गोष्ट पुरे आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ही जुन्या ट्रक ड्रायव्हरांची शिकवण कोणत्याही ॲपपेक्षा चांगली आहे.

बंद करण्याआधीच्या रेसचं थोडक्यात. जुन्या गाड्यांतली ही सवय. आज तिचा उपयोग काहीच नाही, आणि टर्बो गाडीत तर नुकसान. मघाचा लाख फेऱ्यांचा पंखा आठवा. रेस देऊन लगेच चावी फिरवली की ऑइलचा पंप थांबतो, पंखा मात्र कोरड्या बेअरिंगवर फिरत राहतो. हायवेवरून जोरात आला असाल तर अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. गावातल्या गावात फिरून आलात तर तेवढीही गरज नाही.

मोबाइलवर खरा आरपीएम

कट्ट्यावरचा वाद मोबाइलने मिटवता येतो. २०१३ नंतरच्या आपल्याकडच्या जवळपास सगळ्या कारमध्ये स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचा ओबीडी पोर्ट असतो. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा डोंगल मिळतो, ईएलएम ३२७ या नावाने. अँड्रॉइडवर टॉर्क नावाचं ॲप त्याच्याशी बोलतं. ॲप गाडीला '०१ ०सी' अशी विचारणा पाठवतं, गाडी दोन आकडे परत देते. पहिल्याला २५६ ने गुणा, दुसरा मिळवा, ४ ने भागा. गाडीने ३१ आणि ६४ पाठवले तर ७९३६ अधिक ६४ म्हणजे ८०००, भागिले ४, बरोबर २००० आरपीएम. पाव फेरीपर्यंतची अचूकता. डॅशबोर्डवरचा काटा एवढं सांगत नाही, तो नजरेला बरा वाटावा म्हणून सावकाश हलवलेला असतो.

मी घरच्या डिझेल गाडीला हे लावून सेलबारी उतरलो आहे. मोबाइल शेजारी बसलेल्या भावाच्या हातात होता, तुम्हीही तसंच करा. गिअरमध्ये पाय उचलला की इंजिनावरचा भार शून्याजवळ, न्यूट्रल टाकला की परत वर. न्यूट्रलचा प्रयोग वळणं संपल्यावर, सपाटीला, मोकळ्या रस्त्यावर केला. एक सावधगिरी: डिझेल गाडीत ॲप जे एव्हरेज दाखवतं त्यावर विश्वास ठेवू नका. ते हवेच्या मापावरून पेट्रोलच्या हिशोबाने अंदाज काढतं आणि डिझेलमध्ये हवा-इंधनाचं ठरावीक प्रमाण नसतं. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा, काही स्वस्त डोंगल गाडी उभी असतानाही बॅटरी खात राहतात.

बाइकला डोंगल लावण्यापेक्षा मोबाइलचा माइक सोपा. आवाजातली फ्रिक्वेन्सी दाखवणारं कोणतंही स्पेक्ट्रम ॲप घ्या. धमाक्यांची फ्रिक्वेन्सी सापडली की एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोकला १२० ने गुणा, आरएक्ससारख्या टू स्ट्रोकला ६० ने. तीन सिलिंडरच्या कारला ४०, चारच्या कारला ३०. कारमध्ये १०० हर्ट्झचा उंचवटा दिसला आणि सिलिंडर चार असतील, तर इंजिन ३००० वर आहे. फार खालचे आवाज मोबाइलचा माइक नीट पकडत नाही. अशा वेळी त्यांच्या दुप्पट-तिप्पट जागी दिसणाऱ्या उंचवट्यांमधलं अंतर मोजायचं.

जुनी कार घेणार असाल तर याच डोंगलचा आणखी एक उपयोग आहे. विकणारा कधी कधी चेक इंजिनचा दिवा गाडी दाखवण्याआधी पुसून ठेवतो. पण कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, ही नोंद बऱ्याच गाड्या ठेवतात आणि ॲपमध्ये ती वाचता येते. पुसल्यानंतर गाडीच्या स्वतःच्या काही तपासण्याही 'अपूर्ण' दाखवत राहतात. मालक म्हणतोय "दोन वर्षांत दिवा लागलाच नाही" आणि ॲप म्हणतंय १२ किलोमीटर, तर सौदा तिथेच थांबवा आणि आधी फिटरला गाडी दाखवा.